मोबाईलची काच आणि गारगोटीचा कण

महोत्सवी स्मरणिकेसाठी "घरातील लहानथोरांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी शास्त्रीय" लिहून द्यावे, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा प्रथम ग्रहताऱ्यांवर लिहावे असे मनात होते. परंतु ग्रहताऱ्यांविषयी माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत. उलट, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात असलेल्या एका वस्तूविषयी मी स्वतः वर्गात चुकीचे शिकविले, त्या चुकीची झळ एका घराला बसली, आणि ती चूक माझ्याच विद्यार्थिनीने मला दाखवून दिली. तो पाठ पुन्हा एकदा नीट मांडणे हे माझ्यावर ऋण आहे. सबब ग्रहतारे बाजूस ठेवून मोबाईलच्या काचेविषयी लिहीत आहे. ती काच कशाने खरवडते, कशाने फुटते, आणि तीवर आणखी एक काच चिकटविण्यात अर्थ आहे की नाही, एवढाच या लेखाचा विषय.

२०२० साली शाळा बंद झाल्या व शिकविणे मोबाईलवर आले, हे वाचकांस आठवत असेलच. माझ्या वर्गातील एका मुलीचे वडील उद्यमबागेतील एका फौंड्रीत मोल्डिंगच्या कामावर जात. मुलीच्या अभ्यासासाठी त्यांनी उसनवारी करून मोबाईल घेतला. दुकानदाराने त्यावर स्क्रीनगार्ड, म्हणजे बाजारात ज्याला नुसते 'ग्लास' म्हणतात ते, चिकटवून दिले आणि सांगितले, "हे नाइन एच आहे. हिऱ्याच्या खालोखाल. काही होणार नाही."

पुढे खनिजांच्या काठिण्याचा पाठ मी मोबाईलवरूनच घेतला. उदाहरण जवळचे असावे म्हणून मी म्हणालो की, आपल्या मोबाईलच्या गार्डवर '९एच' लिहिलेले असते, ते मोस याच्या मापनश्रेणीतील नऊ, म्हणजे कुरुंदाइतके कठीण. मुलीच्या पाठीमागे तिचे वडीलही बसून ऐकत होते. दुकानदाराचे म्हणणे मास्तरांनीही खरे ठरविले, मग शंका कशाची? ते मोबाईल कामाच्या सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले आणि फौंड्रीच्या वाळूने भरलेली काच सदऱ्याच्याच टोकाने पुसू लागले. चार-पाच महिन्यांत ते गार्ड ओरखड्यांनी धुरकट झाले. माल खोटा निघाला असे समजून त्यांनी ते काढून टाकले. मग मूळ काचेवर तोच क्रम चालू झाला. २०२१ च्या पावसाळ्यात एके दिवशी मोबाईल दाराच्या पायरीवर पडला. फार उंचावरून नव्हे, गुडघाभर उंचीवरून. पूर्वी तो याहून उंचावरून पडून वाचला होता. या वेळी मात्र काचेला आरपार तडा गेला व बोट लावले तरी काही उमटेना. दुरुस्तीस मोबाईलच्या जवळजवळ निम्मी किंमत सांगितली गेली. ती मुलगी तीन आठवडे वर्गात दिसली नाही, आणि मी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडीत राहिलो.

वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हा तिने वहीच्या पानांत जपून ठेवलेले ते जुने गार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाली, "सर, तुम्ही हे नऊ म्हणून सांगितलासा. वाळू सात. मग सातानं नवाला ओरखडा कसा पाडला?"

प्रश्न बिनतोड होता. कठीण पदार्थ मऊ पदार्थाला खरवडतो, मऊ पदार्थ कठिणाला खरवडीत नाही, हा तर त्या पाठाचा पहिलाच नियम. तेव्हा एकतर नियम चूक, नाहीतर वाळू सात नव्हे, नाहीतर गार्ड नऊ नव्हे. चूक तिसऱ्या ठिकाणी होती.

फ्रीड्रिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली दहा खनिजे क्रमाने लावली. सर्वांत मऊ संगजिरे, त्याला १. जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लुओराइट ४, ॲपटाइट ५, ऑर्थोक्लेज फेल्स्पार ६, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. (माणिक आणि नीलम ही दोन्ही रत्ने कुरुंदच होत, रंग तेवढा निराळा.) ही वर्गातल्या क्रमांकांसारखी श्रेणी आहे. पहिल्या व दुसऱ्या विद्यार्थ्यात किती गुणांचे अंतर आहे हे जसे नुसत्या क्रमांकावरून कळत नाही, तसेच येथेही. कुरुंद व हिरा यांत एकाच क्रमांकाचे अंतर असले तरी हिरा कुरुंदाहून कित्येक पटींनी कठीण आहे. या श्रेणीत आपले नख अडीचच्या आसपास येते, पितळेची किल्ली तीनच्या आसपास, खिडकीची काच साडेपाचच्या सुमारास आणि सुरीचे पोलाद साडेपाच ते साडेसहा.

आता '९एच' काय आहे ते पाहू. हा आकडा मोसचा नाहीच. तो पेन्सिलीचा आहे! शिसपेन्सिलीत शिसे नसून ग्राफाइट व चिकणमाती यांचे मिश्रण असते. ही कृती फ्रान्समधील काँते याने १७९५ साली काढली. माती जास्त तर पेन्सिल कठीण व तिची रेघ फिकी, ग्राफाइट जास्त तर ती मऊ व रेघ काळी. कठीण पेन्सिलींना एच आणि काळ्यांना बी हे अक्षर लावतात. आपल्या मुलांची नेहमीची एचबी या दोहोंच्या मधली. ९एच ही या मालिकेतील अगदी कठीण बाजूची. रंग किंवा वार्निश यांचा थर किती टणक झाला हे पाहण्यासाठी कारखान्यांत निरनिराळ्या पेन्सिली ठराविक कोनात धरून त्या थरावरून दाबून सरकवितात. ज्या पेन्सिलीने ओरखडा उमटत नाही तिचा क्रमांक त्या थराला मिळतो. म्हणजे गार्डवरील '९एच' याचा अर्थ एवढाच की, ९एच पेन्सिलीने त्यावर ओरखडा उठत नाही. यात विशेष ते काय? कोणत्याही काचेवर तो उठत नाही. आमच्या चित्रकला शिक्षकांकडून मी ६एच पेन्सिल मागून आणली आणि वर्गाच्या खिडकीच्या तावदानावर जोर देऊन रेघ ओढली. करडी रेघ उमटली, मुलांनी ती ओल्या बोटाने पुसली, आणि खाली काच जशीच्या तशी. तावदानावर कोणी '९एच' अशी चिठ्ठी लावली असती तर तीही खोटी म्हणता आली नसती.

दुकानदाराला तरी दोष का द्यावा? पेन्सिलीचा नऊ आणि कुरुंदाचा नऊ यांची गल्लत विज्ञानाच्या पदवीधराने केली, तेथे त्याने काय करावे!

मग आम्ही प्रयोग वाढविला. खिडकीच्या काचेचा तुकडा घेऊन त्याच्या कडांना चिकटपट्टी लावली (घरी करावयाचा झाल्यास मोठ्या माणसाने जवळ बसावे), आणि पितळी किल्ली, नाणे, भाजी चिरण्याची सुरी, खडू, ओढ्यातील वाळू, आपल्या शिवारातील लाल माती व चुलीतील राख अशा वस्तू मांडल्या. किल्लीने व नाण्याने रेघा उमटल्या. मुले "ओरखडा, ओरखडा" म्हणून ओरडली. परंतु ओल्या फडक्याने पुसताच बहुतेक रेघा गेल्या. खरवडली होती ती किल्ली. तिचा धातू काचेला लागला होता. सुरीने फार जोर केला तेव्हा कोठे पुसट खूण राहिली. खडूने काहीच झाले नाही. वाळूची चिमूट कापडाखाली धरून दोनदा घासली मात्र, आणि काचेवर बारीक चऱ्यांचे जाळे उठले. लाल मातीनेही उठले, कारण तिच्यातही गारगोटीचे बारीक कण मिसळलेले असतात. भंगारात गेलेल्या एका मोबाईलच्या काचेवर तेच केले. ती अधिक टिकली, हलक्या घासण्याने तिला फारसे झाले नाही, पण अंगठ्याचा जोर देताच तीही खरवडली. मोबाईलच्या चांगल्या काचाही साधारणपणे सहा क्रमांकाच्या खनिजाने खरवडू लागतात आणि सात क्रमांकाच्याने चांगल्याच. खिशातील किल्ल्यांना आपण भितो ते बरेचसे व्यर्थ. भ्यावयाचे ते खिशाच्या तळाशी साचलेल्या धुळीला.

राखेची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती मला फार मागे घेऊन गेली. चाळलेल्या राखेने काचेला काही झाले नाही. न चाळलेल्या राखेने दोन-तीन चरे पडले. माझी आजी कंदिलाची काच राखेने पुसत असे, पण राख आधी जुन्या ओढणीतून गाळून घेत असे. आम्हा मुलांना ते रिकामे काम वाटे. कंदील 'प्रभाकर' होता. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला, कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले बंधूंचा कारखाना १९१६ सालचा, आणि तेथील प्रभाकर कंदील एके काळी आपल्या भागात घरोघर होता. आजीला मोस ठाऊक नव्हता. पण खडा काचेचा वैरी आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

आता काचेच्या फुटण्याकडे वळू. खरवडणे व फुटणे या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांचे आपसांत नाते आहे. काच कापणारा कारागीर काच कधी आरपार कापीत नाही. तो हिरकणीने वर एक बारीक रेघ ओढतो आणि मग हलकेच दाब देतो. काच त्याच रेघेवर मोडते. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे कारण दाखविले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात, काच वाकली की सगळा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो, आणि तेथून तडा धावत सुटतो. म्हणून काच तिच्या जाडीवरून दिसते तेवढी बळकट नसते. तिच्यावरील सर्वांत वाईट चऱ्याइतकीच ती बळकट असते. गुडघाभर उंचीवरून पडून तो मोबाईल का फुटला, हे आता ध्यानी येईल. पूर्वीच्या पडण्यांत काच जवळजवळ अखंड होती. या खेपेस वाळूने तीवर हिरकणीचे काम आधीच करून ठेवले होते.

मग मोबाईलची काच कंदिलाच्या काचेपेक्षा इतकी टिकाऊ कशी? अमेरिकेतील कॉर्निंग या कंपनीने १९६२ साली 'केमकॉर' नावाची बळकट केलेली काच पुढे आणली. तिला त्या काळी म्हणावे तसे गिऱ्हाईक मिळाले नाही. २००७ च्या जानेवारीत ॲपल कंपनीने आयफोन प्रथम लोकांना दाखविला तेव्हा त्याची स्क्रीन प्लॅस्टिकची होती. जूनमध्ये तो विक्रीस आला तो काचेची स्क्रीन घेऊन, आणि ती काच कॉर्निंगची होती. 'गोरिला ग्लास' हे नाव आज मुलामुलांच्या तोंडी आहे ते तेव्हापासूनचे. यात युक्ती अशी आहे. ॲल्युमिनियमचा अंश असलेल्या या काचेत सोडियमचे आयन असतात. तिचा पातळ तक्ता सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटात, म्हणजे आपल्या सोऱ्यात, काही तास बुडवून ठेवतात. पृष्ठभागावरील सोडियमचे आयन निघून जातात व त्यांच्या जागी पोटॅशियमचे येऊन बसतात. पोटॅशियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा आकाराने सुमारे एकतृतीयांश मोठा. बेळगाव–चंदगड एस.टी.त बाकावर तीन सडपातळ मंडळी बसली आहेत. ती उतरली आणि त्यांच्या जागी तीन धिप्पाड गडी बसले, तर काय होईल? सगळे एकमेकांना घट्ट दाबून बसतील. तशीच ही काच पृष्ठभागाशी दाबाखाली राहते. भेग उघडावयाची म्हणजे आधी हा दाब मोडून काढावा लागतो. म्हणूनच ती वाकविली तरी लवकर फुटत नाही.

परंतु हा दाबाचा थर फार पातळ असतो, केसाच्या जाडीच्या आसपासचा किंवा त्याहूनही कमी. चरा या थराच्या आत राहिला तर निभावते; तो खोल जाऊन थराच्या पलीकडे पोचला की संरक्षण संपले. शिवाय या सर्व खटाटोपाने काच *फुटण्यास* अवघड झाली, *खरवडण्यास* तेवढी नव्हे. मोसच्या श्रेणीत ती गारगोटीच्या खालीच राहते. मग नीलमाची काच का बसवीत नाहीत, असे एका मुलाने विचारले. काही घड्याळांना व मोबाईलच्या कॅमेऱ्यांच्या झाकणांना कृत्रिम नीलम बसवितातही. ते नऊ क्रमांकाचे असल्यामुळे वाळूला दाद देत नाही. मात्र एवढा मोठा तक्ता महाग पडतो, जड होतो, आणि आपटल्यास नीलम काही फुटावयाचे राहत नाही.

आता मुख्य प्रश्न. गार्ड लावावे की न लावावे?

माझे मत असे की, हे माणसाच्या कामावर अवलंबून आहे, मोबाईलच्या किमतीवर नव्हे. जो दिवसभर कचेरीत बसतो, मोबाईल स्वच्छ खिशात एकटाच ठेवतो, त्याने गार्ड लावले नाही तरी फारसे बिघडणार नाही. वर्षा-दोन वर्षांत चार केसासारखे चरे दिसतील इतकेच. पण फौंड्री, गवंडीकाम, खडीची खाण, रताळ्याचे शेत, मोटारसायकल दुरुस्ती, जेथे जेथे धूळ आणि वाळू यांच्याशी गाठ आहे, तेथे गार्ड अवश्य लावावे. ते खरवडणार नाही म्हणून नव्हे, तर *तेच* खरवडावे म्हणून! त्याचे काम ओरखडे आपल्या अंगावर घेणे व मग फेकले जाणे हे आहे. धुरकट झालेले गार्ड म्हणजे खोटा माल नव्हे, आपले काम केलेला माल होय. आमच्या फौंड्रीवाल्या पालकांनी ते काढले यात चूक नव्हती. दुसरे लावले नाही, आणि लावावयाचे असते हे त्यांना कोणी सांगितले नाही, ही चूक.

पडण्याच्या बाबतीत मात्र गार्डवर फार भिस्त ठेवू नये. "गार्ड फुटले, पण स्क्रीन वाचली" असे अनेकजण सांगतात आणि ते गार्डमुळेच घडले असे मानतात. पण गार्डची काच पातळ, बहुधा मिलिमीटरच्या एकतृतीयांशाच्या आसपास, आणि पुष्कळदा हलक्या प्रतीची. तिच्या उघड्या कडा ठिसूळ. ज्या धक्क्याने ती फुटते त्याने खालची काच फुटलीच असती, असे सिद्ध होत नाही. काही वेळा ती धक्का खातेही, नाही असे नाही. पण पडण्यापासून वाचविण्यात मोठा वाटा रबरी आवरणाचा असतो, ज्याचे कोपरे जाड आहेत आणि ज्याची कड काचेपेक्षा अंमळ उंच आहे अशा. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर पालकांस मी आधी आवरण घ्या असे सांगतो.

प्लॅस्टिकचे पातळ गार्डही मिळते. ते स्वतः फार मऊ, लवकर खरवडते, पण फुटत नाही आणि स्वस्त असते. बोटाचा ठसा स्क्रीनमधूनच ओळखणाऱ्या मोबाईलवर जाड काच लावली की ठसा ओळखण्यात अडचण येते. तेथे हे पातळ बरे. घडीच्या मोबाईलवर जो थर कारखान्यातूनच लावून येतो तो मात्र गार्ड समजून सोलून काढू नये. २०१९ साली असा एक मोबाईल परीक्षणासाठी ज्यांना दिला होता, त्यांतील काही जाणत्यांनीच तो सोलला आणि स्क्रीन गमावली.

गार्ड लावताना हात धुवावेत, काच आधी ओलसर व मग कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, आणि पंख्याखाली बसू नये. खाली एक कण राहिला तरी फुगा धरतो. कडेचा टवका निघाला की गार्ड बदलावे. त्या फटीत वाळू जाऊन बसते आणि मुलांची बोटेही कापतात. रोज पुसताना प्रथम धूळ फुंकून किंवा झटकून टाकावी, मगच फडके फिरवावे. धूळ असतानाच घासणे म्हणजे आपल्या हाताने वाळूचा कागद फिरविणे होय. दातांच्या पेस्टने चरे जातात असा एक उपाय सर्वत्र सांगितला जातो. चरे तर जात नाहीतच. उलट बोटांचे तेलकट डाग धरू नयेत म्हणून काचेवर जो अतिपातळ लेप दिलेला असतो तो मात्र त्याने घासून निघतो.

त्या मुलीने दिलेले गार्ड आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात संगजिरे आणि गारगोटी यांच्या शेजारी ठेवले आहे. त्यावर तिनेच चिठ्ठी लिहून लावली आहे : 'नऊ नव्हे. सहाच्या आसपास.' तिच्या वडिलांना मी घरी जाऊन माझी चूक सांगितली. ते हसले व म्हणाले, "सर, वाळूत आम्ही राहतो. आम्हालाच कळायला पाहिजे होतं." आता कामावर जाताना मोबाईल जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, तिच्या आईने शिवलेल्या कापडी खोळीत असतो. त्यावर साधे, कोणताही आकडा न लिहिलेले गार्ड आहे, आणि ते धुरकट झाले की बदलतात. गेल्या दिवाळीत चौथे लावले.